कंपनी परदेशी मालकाकडे गेली, रिफंड अडकला? या चुका टाळा

वर्षाची फी भरून तीन महिने होतात न होतात तोच ईमेल येतो, ‘आमचा व्यवसाय आता सिंगापूरच्या कंपनीने घेतला आहे.’ रिफंड मागितला की जुने लोक नव्यांकडे बोट दाखवतात आणि नवे म्हणतात, पैसे आम्ही घेतलेच नव्हते. इथे बरेच ग्राहक नाद सोडतात. सोडू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नेमकं काय विकलं गेलं, हे न विचारणं. कधी कंपनीचे शेअर विकले जातात. 2007 मध्ये व्होडाफोनने केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर घेऊन ‘हच’ ही मोबाइल सेवा चालवणाऱ्या हचिसन एस्सारमधला सुमारे 67 टक्के हिस्सा मिळवला. हचची पाटी जाऊन व्होडाफोनची आली, पण ग्राहकाचा करार ज्या भारतीय कंपनीशी होता ती जागेवरच होती. अशा विक्रीत देणं त्याच कंपनीकडे राहतं, मालक कुठल्याही देशातला असो.

कधी मात्र फक्त धंदा विकला जातो: ब्रँड, अ‍ॅप, ग्राहकांची यादी. पैसे घेणारी कंपनी मागे उरते आणि खरा घोळ इथे होतो. जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा, तर भारतीय करार कायद्याच्या 62व्या कलमाप्रमाणे पक्षकारांची, म्हणजे तुमचीही, सहमती लागते. ‘जुनी देणी आता खरेदीदाराची’ असं विकणाऱ्या आणि घेणाऱ्या कंपनीने आपसात लिहून घेतलं, तरी तेवढ्याने जुनी कंपनी तुमच्या देण्यातून सुटत नाही. कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणाची गोष्ट वेगळी. तिथे देणी आदेशानुसार नव्या कंपनीकडे जातात.

म्हणूनच नव्या कंपनीच्या अटींवर घाईने ‘मान्य आहे’ दाबू नका. रिफंडऐवजी कूपन देऊन ‘जुने सर्व दावे संपले’ अशी ओळ त्यात असू शकते. जुन्या कंपनीचं बिल, त्यावरचं पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक आणि पैसे भरल्याची नोंद आधी जपून ठेवा. अ‍ॅप बंद पडलं की हे मिळवताना नाकी नऊ येतात.

ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत फक्त परदेशी कंपनीचं नाव घालणं हीसुद्धा नेहमीची चूक. तिकडे नोटीस पोचण्यातच महिने जातात. पैसे घेणारी भारतीय कंपनी आणि खरेदीदार, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. ऑनलाइन विक्री असेल तर 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू होतात: तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिनाभरात.

कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा अर्ज लगेच करा, त्याची मुदत फार नसते. आणि ‘रिफंडसाठी यूपीआय पिन टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे मिळवायला पिन लागत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. ती तडजोडीचा प्रयत्न करते, आदेश देत नाही. तिथल्या उत्तराची वाट पाहत बसून ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत घालवू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असो वा लंडनची, सांगलीच्या ग्राहकाला सांगलीचा आयोग चालतो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.