टाइप करता करता सुचणारी नावं: गडकिल्ल्यांच्या संकेतस्थळावर सर्च सजेशन कशी द्यावीत

सर्च बॉक्समध्ये 'राय' एवढंच टाइप केलं आणि खाली रायगड, रायरेश्वर अशी नावं उघडली, तर पुढचं टाइप करायच्या फंदात कोणी पडत नाही. गूगलने ही सोय डिसेंबर २००४ मध्ये 'गूगल सजेस्ट' या नावाने प्रयोग म्हणून आणली. आता ती किराण्याच्या ॲपवरही असते. ती कशी करावी याचे धडे भरपूर मिळतात, पण बहुतेक इंग्रजी शब्दांवर बेतलेले. ते जसेच्या तसे उचलले की 'सिंधूदुर्ग' असं दीर्घ धू टाइप करणाऱ्याला रिकामी यादी दिसते. म्हणून इथे उदाहरण गडकिल्ल्यांच्या संकेतस्थळाचं घेतलंय. चार-पाचशे नावं आणि जावास्क्रिप्टची जुजबी ओळख, एवढ्यावर काम होतं.

पायरी १: यादी कुठे ठेवायची

प्रत्येक गडासाठी नाव, तालुका, जिल्हा आणि पर्यायी नावं लिहा. मिळून शंभरेक अक्षरचिन्हं धरली, तर यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने पाचशे गडांची फाइल दीडशे केबीच्या आसपास जाते. जीझिप केल्यावर ती आणखी बरीच आकसते. एवढी फाइल वाचकाने सर्च बॉक्सवर टिचकी मारताच उतरवून घ्या आणि शोध ब्राउझरमध्येच करा. एवढ्याशा यादीसाठी इलास्टिकसर्च वगैरे सर्व्हरवरची शोधयंत्रणा उभी करणं म्हणजे निव्वळ हौस. नोंदी लाखांच्या घरात गेल्या की सर्व्हरकडे वळा.

पायरी २: प्रत्येक नावाचं शोधरूप बनवा

सगळी मेहनत या पायरीत आहे. दिसणारं नाव वेगळं ठेवायचं आणि शोधासाठी त्याचं सपाट केलेलं रूप वेगळं. वाचकाने टाइप केलेल्या मजकुरालाही तीच प्रक्रिया लावायची आणि मग दोन सपाट रूपं ताडून पाहायची. हे रूप कोणाला दिसत नाही, त्यामुळे ते शुद्ध असण्याची गरज नाही.

सुरुवात जावास्क्रिप्टच्या 'नॉर्मलाइझ' फंक्शनने करा, प्रकार एनएफडी, म्हणजे जोडून साठवलेली चिन्हं सुटी करणारा. त्याने ऱ, ढ़ यांसारख्या अक्षरांचा नुक्ता (खालचं टिंब) सुटा होतो. तो काढून टाका. मग झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही अक्षरं जोडण्या-तोडण्यासाठीची दोन अदृश्य चिन्हं काढा. जुन्या मजकुरातून कॉपी केलेल्या 'हरिश्चंद्रगड'मध्ये श् आणि च यांच्यामध्ये असं चिन्ह हमखास लपलेलं असतं. डोळ्यांना नाव तेच दिसतं, संगणकाला मात्र ते वेगळं असतं. 'कऱ्हाड'मधला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा ऱ वापरून आणि एकदा साध्या र् ला जॉइनर जोडून. नुक्ता आणि जॉइनर दोन्ही गेले की दोघांचं रूप एकच उरतं.

त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या आणि उकार दीर्घ करून टाका, इ-उ सुद्धा. 'विसापूर' आणि 'विसापुर' दोन्ही 'वीसापूर' होतात. शुद्धलेखनाची चाड असलेल्यांना हे पाहवणार नाही, पण मोबाइलवर घाईत टाइप करणाऱ्याची परीक्षा घ्यायला आपण बसलेलो नाही. व्यंजनाआधीचे ङ्, ञ्, ण्, न्, म् अनुस्वारात बदला, म्हणजे 'सिन्धुदुर्ग' टाइप केलं तरी चालेल. 'ॲ' हे अक्षर ॲ, ऍ आणि अ वर चंद्र अशा तीन प्रकारांनी साठवलेलं सापडतं. नॉर्मलाइझ त्यांना एक करत नाही, ते हाताने करा. शेवटचा 'गढ' असेल तर 'गड' करा, कारण हिंदी कीबोर्डवरून 'रायगढ़' येतच राहणार.

एक खड्डा आहे. विरामचिन्हं काढण्यासाठी अनेक जण 'अक्षरं ठेवा, बाकी काढा' अशा अर्थाचं रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लिहितात. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, ती 'मार्क' या वर्गात येतात. ती गाळली की 'पुरंदर'चं 'परदर' होतं. अक्षर आणि मार्क दोन्ही वर्ग ठेवा.

पायरी ३: पर्यायी नावं हाताने भरा

इथे नियमांचा उपयोग संपतो. कोंढाणा म्हणजे सिंहगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, घेरिया म्हणजे विजयदुर्ग आणि दौलताबाद म्हणजे देवगिरी, हे कुठलाही प्रोग्रॅम आपणहून ओळखणार नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. त्याचं इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक 'गिंगी' टाइप करतात, तेही लिहून ठेवा. जिल्ह्यांची जुनी-नवी दोन्ही नावं द्या: अहमदनगर आणि अहिल्यानगर, उस्मानाबाद आणि धाराशिव. 'कराड' टाइप करणाऱ्याला कऱ्हाडजवळचा सदाशिवगड मिळाला पाहिजे.

रोमन लिपीतली रूपंही याच खान्यात. निम्मे लोक कीबोर्ड बदलायचा कंटाळा करतात. सिंहगडाच्या स्पेलिंगमध्ये 'ह'नंतर 'ए' असतो किंवा नसतो, कधी मध्येच 'जी' घुसतो. प्रत्येक गडाची प्रचलित दोन-तीन स्पेलिंगं पुरतात.

पायरी ४: जुळवणी आणि क्रम

'राय' हा तुकडा नारायणगडातही आहे. म्हणून आधी नावाच्या सुरुवातीला जुळणारे गड, मग पर्यायी नावाच्या किंवा गावाच्या सुरुवातीला जुळणारे, आणि अगदी शेवटी मधेच कुठेतरी जुळणारे. हा क्रम चुकला तर 'गड' टाइप केल्यावर अर्धा महाराष्ट्र समोर येतो.

टाइप केलेल्या मजकुराच्या शेवटी हलन्त असेल तर तो तेवढा काढा. काही फोनेटिक कीबोर्ड पहिली कळ दाबताच 'प्' देतात, आणि 'प्'ने सुरू होणारं 'पुरंदर' कुठेच नसतं.

स्पेलिंगची चूक माफ करणारा अंदाजे शोध जपून वापरा. एका अक्षराचा फरक चालवून घ्या असं सांगितलं, की राजगड आणि रायगड एकच होतात. पुण्याहून पहाटे निघालेल्या माणसाला हा फरक चांगलाच महागात पडेल. सरळ शोधात काहीच हाती लागलं नाही, तरच अंदाजे शोध चालवा आणि वर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असं स्पष्ट लिहा.

पायरी ५: सर्च बॉक्स

एचटीएमएलमध्ये 'डेटालिस्ट' नावाचा तयार घटक आहे, पण त्यात जुळवणी ब्राउझर करतो. पायरी २ ची मेहनत वाया जाते. स्वतःची यादी लिहा आणि ती 'इनपुट' इव्हेंटवर ताजी करा.

'किमान तीन अक्षरं झाल्यावर सुचवा' हा इंग्रजी धड्यातला नियम घेऊ नका. जावास्क्रिप्ट 'सिं' या एका अक्षराची लांबी तीन मोजतं. यादी ब्राउझरमध्येच असेल तर पहिल्या अक्षरापासून सुचवा. सर्व्हरला विचारायचं असेल तर टाइप करणं २००-३०० मिलिसेकंद थांबल्यावरच विचारा, आणि नवी विनंती पाठवताना जुनी 'अबॉर्ट कंट्रोलर'ने रद्द करा. नाहीतर 'रा'चं उशिरा आलेलं उत्तर 'राजग'च्या उत्तरावर येऊन बसतं.

अँड्रॉइडवर शब्द पूर्ण होईपर्यंत कीबोर्ड 'कंपोझिशन' म्हणजे शब्द अजून जुळवत असल्याच्या अवस्थेतच असू शकतो. त्या काळात सजेशन थांबवली तर स्पेस दाबेपर्यंत काहीच दिसत नाही, म्हणून ती चालू ठेवा. एंटर कळ मात्र त्या अवस्थेत दाबली गेली तर दुर्लक्ष करा.

सहा-सातपेक्षा जास्त नावं दाखवू नका. फोनवर निम्मी जागा कीबोर्डनेच खाल्लेली असते. नावासोबत जिल्हा हवाच, कारण माणिकगड रायगड जिल्ह्यात आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यातही. जुळलेला भाग ठळक करायचा मोह झाला तर अख्खा शब्द ठळक करा. अक्षर आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये टॅग आला, की काही ठिकाणी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते.

पायरी ६: माउसविना चालतंय ना?

खाली-वर बाण, निवडण्यासाठी एंटर, बंद करण्यासाठी एस्केप एवढं हवंच. काहीच निवडलेलं नसताना एंटर दाबला तर नेहमीचा शोध चालावा, पहिलं नाव परस्पर निवडू नका. स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, इनपुटला 'कॉम्बोबॉक्स', यादीला 'लिस्टबॉक्स' आणि प्रत्येक नावाला 'ऑप्शन' असा रोल द्या. यादी उघडी आहे की बंद हे 'एरिया-एक्स्पांडेड'मध्ये सांगा, आणि सध्या कोणतं नाव निवडलेलं आहे ते 'एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट'मध्ये.

नावावर क्लिक केलं की यादी गायब होते पण काहीच उघडत नाही, ही तक्रार येणारच. क्लिक पूर्ण होण्याआधी बॉक्सचा फोकस जातो आणि यादी मिटते. यादीवरच्या 'माउसडाउन' इव्हेंटची मूळ क्रिया रोखा, प्रश्न मिटेल.

सुरू केल्यावर ज्या शोधांना शून्य उत्तरं आली तेवढे शब्द साठवा. सोबत आयपी पत्ता वगैरे काही ठेवू नका. आठवड्याने ती यादी उघडा आणि त्यातले कामाचे शब्द पायरी ३ च्या खान्यात टाका.