पॅकेजं रीइन्स्टॉल करायच्या आधी फाइलसिस्टम तपासा

लाइट गेली, लिनक्स मशीन परत चालू केलं आणि आता निम्मे प्रोग्रॅम उघडतच नाहीत, तर "सगळी पॅकेजं रीइन्स्टॉल कर" हा सल्ला आत्ता ऐकू नका. फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था, बिघडलेली असेल तर कुठला ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा तुकडा) मोकळा नि कुठला वापरात हा हिशोबच चुकलेला असतो, मग नवीन पॅकेज तुमच्या फोटोंच्या जागेवर जाऊन बसू शकतं. (हे ईएक्सटी४ फाइलसिस्टम आणि डेबियन-उबुंटूसाठी, एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमचं टूल वेगळं.)

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, एलएसबीएलके या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या कमांडने पार्टिशन ओळखा, ते माउंट (म्हणजे सिस्टमला जोडून वापरात) नाही ना बघा. माउंट असलेल्यावर रिपेअर करायचं नाही, एकदासुद्धा नाही.

आता खरी अवघड जागा. सगळीकडे सांगतात की एफएससीके या फाइलसिस्टम दुरुस्त करणाऱ्या कमांडला डॅश वाय लावा, सगळ्याला 'यस' जाईल. मी तेच केलं होतं. डिस्क मरायला टेकली होती हे बघितलंच नव्हतं, आणि रिपेअर संपल्यावर होम फोल्डरमधल्या शेकडो फाइली लॉस्ट-फाउंडमध्ये (बेवारस सापडलेल्या फाइलींचा फोल्डर), नावं गेलेली, नुसते नंबर, एकेक उघडून ओळखण्यात दोन रविवार गेले. म्हणून आधी डिस्कची तब्येत दाखवणारं स्मार्टसीटीएल चालवा. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्याच्या वर असेल तर थांबा, डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणाऱ्या टूलने दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा आणि रिपेअर त्या कॉपीवरच करा.

डिस्क ठीक असेल तर ई२एफएससीके (एफएससीकेचं ईएक्सटी४साठीचं रूप) डॅश एफ डॅश एन. यात काहीच लिहिलं जात नाही, फक्त दिसतं. जर्नल, म्हणजे फाइलसिस्टमची बदलांची डायरी, वाचलेलं नसल्यामुळे एरर जास्त दिसतील, घाबरू नका, पण वाचा. दहावीस असतील तर डॅश एन काढून पुन्हा चालवा नि प्रत्येक प्रश्नाला स्वतः उत्तर द्या. हजारो असतील तर कॉपी काढल्याशिवाय डॅश वाय नाहीच. आउटपुट दुसऱ्या पेनड्राइव्हवर सेव्ह करा, हे लोक हमखास विसरतात. एकच ब्लॉक दोन फाइलींनी धरलेला असेल तर त्यांची नावं तिथेच येतात, आणि दोन्हीतली निदान एक फाइल खराब असतेच.

एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) ० येईपर्यंत परत परत चालवा. ४ म्हणजे एरर अजून बाकी आहेत.

मग नेहमीसारखं बूट करून डीपीकेजी डॅश डॅश व्हेरिफाय चालवा, ते पॅकेजच्या फाइली मूळसारख्या आहेत का बघतं. जी फाइल बदललेली दिसेल ती कुठल्या पॅकेजची हे डीपीकेजी डॅश कॅपिटल एस सांगतं, तेवढीच पॅकेजं एपीटी या पॅकेज टाकणाऱ्या टूलने रीइन्स्टॉल करा. ज्या ओळीत सी अक्षर आहे ती कॉन्फिग (सेटिंगची) फाइल, ती बहुतेक तुम्हीच कधीतरी बदललेली असते, आधी उघडून बघा.