गादी फोमची, सवयी कापसाच्या: या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये गाद्यांची रांग लागायची. सासूबाई सकाळी नऊला सगळ्या गाद्या वर न्यायला लावायच्या, काठीने बडवायच्या, दुपारी उलटायच्या आणि उन्हं कलायच्या आत खाली आणायच्या. घरात फोमची गादी आली तेव्हा तीही त्याच रांगेत गेली. वर "आतपर्यंत ऊन लागू दे" म्हणून चेन उघडून तिची खोळसुद्धा काढली. दुसरा उन्हाळा सरता सरता तिचा वरचा थर हळदीसारखा पिवळा पडला आणि बोट घासलं की भुगा हाताला लागायला लागला. दुकानदाराने वॉरंटी नाकारली. खरं सांगायचं तर मला त्यात त्याची चूक दिसली नाही.

आपल्याकडे बऱ्याच गाद्या अशाच जातात. गादी बदलली, पण तिला वागवायची रीत जुन्या गादीचीच राहिली.

ऊन कापसाला, वारा फोमला

कापूस रात्रभर घाम आणि दमट हवा शोषतो, म्हणून तो कोंदतो, जड होतो. कडक उन्हात ओल निघून जाते आणि तंतू पुन्हा फुगतात. त्यामुळे कापसाच्या गादीबाबत सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर होतं. फोमला मात्र ऊन आणि उष्णता दोन्ही खातात. लॅटेक्सचं म्हणजे रबराच्या फोमचंही तेच, आणि काथ्याच्या गादीत काथ्या धरून ठेवणारं रबर असतं, तेही उन्हात कडक होऊन तुटतं. या गाद्या खोलीतच भिंतीला उभ्या करा, खिडक्या उघडा, पंखा लावा. महिन्यातून एक दुपार पुरते. काठीने बडवायचं तर अजिबात नाही. खोळीवरची धूळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा.

प्लास्टिक काढा हो!

नव्या गादीवरचं प्लास्टिक तसंच ठेवून वर चादर घालणारी घरं मी डझनाने पाहिली आहेत. "डाग पडू नयेत म्हणून." पाटणच्या मावशींनी दोन पावसाळे तसं ठेवलं. कुबट वास कुठून येतोय ते कळेना, म्हणून शेवटी गादी उचलली, तर खालच्या बाजूला काळ्या-हिरव्या बुरशीचा अख्खा नकाशा. झोपलेल्या माणसाच्या अंगातून निघणारी वाफ गादीत उतरते, तिला बाहेर पडायला वाट लागते. प्लास्टिकने ती वाट बुजते. डागांची भीती असेल तर धुता येणारं वॉटरप्रूफ प्रोटेक्टर मिळतं, ते घ्या.

बॉक्सच्या दिवाणाचंही असंच. आत भांडी, रजया, लग्नातल्या साड्या, वर सलग प्लायवूड आणि त्यावर गादी. खालून हवाच नाही. सुताराला सांगून प्लायला वीतभर अंतराने इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत हे न करताही एक वेळ निभेल. महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर या पट्ट्यात नाही. तिथे जून ते सप्टेंबर फरशीवर गादी टाकून झोपायची सवय असेल, तर ती रोज सकाळी उचलून उभी करायची.

दुकानात हाताने दाबून काय कळतं?

काही नाही. तरी आपण सगळे तेच करतो. तळहाताने दाबायचं, कडेवर बसून दोनदा उसळी घ्यायची आणि भावावर यायचं. लाज सोडून चप्पल काढा आणि रोज ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर दहा मिनिटं पडा. मग उताणे होऊन कमरेखाली हात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक आहे. हात शिरायलाच मारामार होत असेल तर तुम्ही तिच्यात रुतताय. नवरा-बायको दोघं झोपणार असतील तर दोघांनी एकदम पडून बघायचं. एक जण ८५ किलोचा आणि दुसरं ५० चं असेल, तर हलकं माणूस रात्रभर खड्ड्याकडे घसरत राहतं.

पाठ दुखते म्हटल्यावर "ऑर्थो घ्या, फळीसारखी आहे" असं ऐकायला मिळतं. ऑर्थो हा शब्द विक्रीचा आहे, डॉक्टरांनी दिलेला शिक्का नव्हे. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं, आणि जास्त आराम पडला तो मध्यम कडक गादीवाल्यांना, एकदम कडकवाल्यांना नाही. मिरजेला डॉक्टरांकडे खेपा घालून मग गादी बदलणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. आणि पायात मुंग्या येत असतील, दुखणं खाली उतरत असेल, तर ते गादीचं काम नाही, आधी डॉक्टरच.

मेमरी फोमबद्दल, म्हणजे अंगाच्या आकाराप्रमाणे दबणाऱ्या फोमबद्दल, एक सांगते. तो उन्हाळ्यात मऊ पडतो, थंडीत घट्ट होतो आणि अंगाची उष्णता धरून ठेवतो. डिसेंबरात दुकानात झकास वाटलेली गादी सांगलीच्या मे महिन्यात भट्टी होते.

डेन्सिटी वजनकाट्यावर बघा

गादी कारखान्यातून फोम कापून घेताना "बत्तीस डेन्सिटी, चाळीस डेन्सिटी" असं कानावर येतं. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्याचा कडकपणाशी थेट संबंध नाही, टिकण्याशी आहे. आता हिशेब बघा. ७२ बाय ३६ इंचाचा, ४ इंच जाडीचा तुकडा ३२ डेन्सिटीचा असेल तर साडेपाच किलोच्या आसपास भरतो, ४० चा असेल तर पावणेसात-सात किलो. खोळ चढवायच्या आधी काट्यावर ठेवायला सांगा. मी सांगितलं तेव्हा कारागीर आधी हसला, मग म्हणाला, "थांबा वैनी, दुसरा पीस काढतो." रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला रिबाँडेड फोम मात्र मुळातच जड असतो, त्याला हा हिशेब लावू नका. तो खालच्या थराला ठीक, अंगाखाली नको.

माप पलंगाच्या आतल्या बाजूने, तेही दोन ठिकाणी घ्या. सुताराने केलेला पलंग सव्वासहा फुटी, म्हणजे ७५ इंची निघतो आणि आणलेली तयार गादी ७२ इंची असते. राहिलेल्या फटीत मोबाइल, चष्मा आणि रात्री लहान मुलाचा पाय जातो.

कापसाची गादी असेल तर

ती टाकू नका, पिंजून घ्या. दोन-तीन वर्षांत कापूस बसतो, गुठळ्या होतात. उन्हाने सुटेल तेवढा सुटतो, पुढचं काम पिंजाऱ्याचं. पूर्वी धनुकलीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी यायचा, आता टेम्पोवर मशीन येतं. चूक इथे होते: गादी देऊन आपण बाजाराला जातो. आमची एक गादी अशीच बदलून आली होती. पुढच्या वेळी दुसऱ्या पिंजाऱ्याने ती उसवून मूठभर माझ्यासमोर धरली. आत करडे धागे, चिंध्या, सरकीची टरफलं. "वैनी, ह्यो कापूस न्हाई, मिलचा कचरा हाय." तेव्हापासून कापूस पिंजायच्या आधी आणि नंतर तोलते. धूळ गेल्यामुळे थोडी घट येणारच, पण ती किलोत यायला लागली तर विचारायचं. टाके जवळ-जवळ घालायला सांगा, नाहीतर कापूस सहा महिन्यांत पायथ्याला गोळा होतो.

उलटणं, फिरवणं, दुमडणं

कापसाची आणि साधी काथ्याची गादी उलटता येते. थर असलेली फोमची गादी उलटायची नाही, फक्त डोक्याची बाजू पायाकडे करायची, तीन-चार महिन्यांनी. स्प्रिंगची गादी जिन्यातून नेताना दुमडली की आतली तार वाकते, ती पुन्हा सरळ होत नाही. गुंडाळून येणारी गादी उघडल्यावर एक-दोन दिवस फुगू द्या आणि पहिल्याच रात्री दुकानदाराला फोन करून भांडू नका.

ढेकूण

शिवणीत काळे ठिपके दिसले की घाईने गादी फेकू नका, कारण निम्मे ढेकूण पलंगाच्या सांध्यात असतात. चादरी, अभ्रे कडकडीत पाण्यात धुवा, सांध्यांना वाफ द्या, आणि जमलं नाही तर जाणकार कीटकनाशकवाला बोलवा. धान्यात घालायच्या गोळ्या गादीखाली ठेवायच्या नाहीत, कितीही जणांनी सांगितलं तरी. त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने मरतात.

पुरात भिजलेली गादी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५. पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या गावभाग या जुन्या वस्तीत दारोदार गाद्यांचे ढीग लागले होते, आणि त्यातल्याच काही गाद्या लोक परत उचलून गच्चीवर वाळत घालत होते. जीव तुटतो, कळतं. पण त्या पाण्यात गटारही असतं, आणि गादी वरून वाळली तरी पोटात ओलीच राहते. कापूस असो वा फोम, ती परत घरात घेऊ नका. पाण्याची सूचना आली की धान्याच्या पोत्यांबरोबर गाद्याही माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर चढवा. कोरडी गादी एकटा माणूस उचलतो, भिजलेल्या कापसाच्या गादीला चौघं लागतात.