डेंटिनवर बाँड का सुटतो: पाण्याचा हिशेब

कॉम्पोझिटचं (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) फिलिंग वर्षभरात निघून आलं किंवा रुग्ण 'चावताना सणक जाते' म्हणत परत आला, की पहिला संशय बाँडच्या (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीवर जातो. मग नवा ब्रँड येतो आणि तीच तक्रार पुन्हा येते. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक कवचावर, बाजारातले बहुतेक बाँड चांगलेच चिकटतात. गडबड होते ती डेंटिनवर, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थरावर, आणि तिथं बहुतेक वेळा कुठल्यातरी टप्प्यावर पाणी जास्त झालेलं असतं किंवा कमी पडलेलं असतं.

इनॅमलमध्ये वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं. डेंटिनमध्ये ते ७० टक्क्यांच्या आसपास. बाकी साधारण २० टक्के सेंद्रिय भाग, मुख्यतः कोलॅजन, आणि १० टक्के पाणी. शिवाय पल्पकडून (दाताच्या आतल्या मऊ, जिवंत गाभ्याकडून) डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांवाटे द्रव बाहेर झिरपत राहतो तो वेगळाच. इनॅमलच्या सीमेजवळ दर चौरस मिलिमीटरला साधारण २० हजार नलिका असतात. पल्पजवळ त्या ४५ हजारांच्या वर जातात आणि रुंदही होतात. म्हणून कॅव्हिटी (फिलिंगसाठी कोरलेला खड्डा) जितकी खोल, तितकी ती ओली आणि चिकटायला घट्ट डेंटिन तितकं कमी. एकाच कॅव्हिटीत वरच्या भिंतीला पक्का बसलेला बाँड तळाशी कच्चा राहतो तो यामुळेच.

आधी समोरचं डेंटिन ओळखा

कीड काढताना मऊ, ओलं, सहज खरवडून निघणारं डेंटिन काढायचंच. पल्पवर चामड्यासारखा चिवट थर राहिला तर तो खरवडत पल्प उघडा पाडण्यात शहाणपण नाही; पण त्या थरावर बाँड कमी धरतो हे गृहीत धरा. भरपाई कडेनं करायची: इनॅमलच्या सीमेला लागून सुमारे २ मिलिमीटरचा पट्टा सगळीकडे कडक आणि निरोगी हवा. फिलिंगला खरी सील तो पट्टा देतो.

मिशरी घासणाऱ्यांच्या किंवा कडक ब्रश आडवा चालवणाऱ्यांच्या दातांना हिरडीलगत ज्या खाचा पडतात, त्यातलं डेंटिन पिवळट-तपकिरी आणि काचेसारखं चकचकीत असतं. त्याच्या नलिका खनिजानं बुजलेल्या असतात, त्यामुळे ॲसिड आणि बाँड दोन्ही आत शिरत नाहीत. बारीक डायमंड बरनं (दात कोरायच्या फिरत्या टोकानं) वरची चकाकी हलकेच उतरवा, इनॅमलच्या कडेला छोटा बेव्हल (तिरका उतार) द्या आणि १०-एमडीपी हा मोनोमर (रेझिनचा मूळ रेणू) असलेला बाँड चोळून लावा. हा मोनोमर डेंटिनमधल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो, त्यामुळे नलिका बंद असल्या तरी काही आधार मिळतो. वर्ग पाचची, म्हणजे हिरडीलगतची, फिलिंगं पडायचं प्रमाण जास्त का, याचं निम्मं उत्तर या चकाकीत आहे. उरलेलं निम्मं हिरडीतून येणाऱ्या ओलाव्यात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडग्रस्त गावांतल्या रुग्णांचं इनॅमल ॲसिडला दाद देत नाही. तिथं वरचा थर बरनं किंचित खरवडून इनॅमलवर एचिंगचा (ॲसिडनं पृष्ठभाग खरबरीत करायचा) वेळ वाढवा. डेंटिनवर मात्र तो वाढवू नका.

बर, लाळ, रक्त

बर फिरला की डेंटिनवर कापलेल्या चुऱ्याचा एक-दोन मायक्रॉनचा थर बसतो, तोच स्मिअर लेअर. जाड दाण्याच्या डायमंडनं तो जाड होतो, आणि पीएच २ च्या आसपासचा सौम्य सेल्फ-एच बाँड (स्वतःच एच करणारा, वेगळं ॲसिड आणि धुणं न लागणारा) त्यातून पार जात नाही. कॅव्हिटी झाल्यावर शेवटचा हात बारीक डायमंडनं किंवा कार्बाइडनं फिरवा. मिनिटभराचं काम आहे.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावा. खालच्या दाढांवर नुसत्या कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या तर श्वासाची वाफ कॅव्हिटीवर येतच राहते. एचिंगनंतर लाळ लागली तर धुऊन ५ ते १० सेकंद पुन्हा एच करा. क्युअर केलेल्या (लाइटनं घट्ट केलेल्या) बाँडवर लागली तर बरनं हलकं खरवडून सुरुवातीपासून सुरू करा. पुसून पुढं जाऊ नका. हिरडीचं रक्त थांबवायला ॲल्युमिनियम क्लोराइड किंवा फेरिक सल्फेट वापरलं असेल तर त्याचा अंशही बाँडला मारक असतो. भरपूर पाण्यानं धुवा.

एच, धुणं आणि टिपणं

एच-अँड-रिन्स पद्धतीत (आधी ॲसिड, मग धुणं, मग बाँड) ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल आधी इनॅमलवर लावा, १५ सेकंदांनी डेंटिनवर पसरवा आणि आणखी १५ सेकंदांत धुऊन टाका. म्हणजे इनॅमलला ३०, डेंटिनला १५. डेंटिनवर जास्त वेळ राहिलं तर ॲसिड खोल जातं, बाँडमधलं रेझिन तितकं खोल पोचत नाही, आणि तळाशी उघडं कोलॅजन उरतं. ते पाण्यानं आणि डेंटिनमधल्याच एमएमपी (कोलॅजन तोडणाऱ्या) एन्झाइमांनी पुढं झिजत जातं. त्या दिवशी सगळं उत्तम दिसतं. फिलिंग दोन-तीन वर्षांनी हलतं.

धुतल्यानंतरची पाच सेकंदं सगळ्यात महत्त्वाची. खनिज निघून गेल्यावर कोलॅजनची जाळी फक्त पाण्याच्या आधारानं उभी असते. थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी फवारणाऱ्या नळीची) हवा थेट मारली की ती ओल्या सुतासारखी वाळून एकमेकांना चिकटते आणि रेझिनला शिरायला जागाच राहत नाही. खडूसारखं पांढरं इनॅमल बघायची आपली जुनी सवय इथं नडते. डेंटिन कापसाच्या बोळ्यानं टिपा: चमक राहावी, थारोळं नसावं. चुकून कोरडं झालंच तर ओल्या ॲप्लिकेटरनं पाणी लावून अर्धा मिनिट थांबा, मग टिपा. पाण्याऐवजी २ टक्के क्लोरहेक्सिडिन वापरलं तर एमएमपीलाही आळा बसतो. ते नंतर धुवायचं नाही, फक्त टिपायचं.

ॲसिटोनमध्ये विरघळवलेला बाँड या ओलाव्याबाबत सगळ्यात हट्टी. त्याला ओलं डेंटिनच लागतं. ज्यात पाणी मिसळलेलं आहे तो थोडा कोरडेपणा सहन करतो. ॲसिटोन किंवा इथेनॉल असलेल्या बाटलीचं झाकण लगेच लावा आणि थेंब लावायच्या क्षणीच काढा. ट्रेवर पाच मिनिटं पडलेला थेंब टाकून द्या. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

सेल्फ-एचमध्ये हा धोका कमी, कारण धुणंच नाही. फक्त इनॅमलच्या कडा ॲसिडनं वेगळ्या एच करा. टू-स्टेप सौम्य सेल्फ-एच वापरत असाल तर जेल डेंटिनवर ओघळू देऊ नका. युनिव्हर्सल बाँड दोन्ही रीतींनी चालतो. मात्र कोणताही सेल्फ-एच नुसता फासून चालत नाही. २० सेकंद चोळत राहावं लागतं.

हवा आणि लाइट

बाँड लावल्यावर मारायची हवा थर पातळ करतेच, पण तिचं मुख्य काम सॉल्व्हंट (ॲसिटोन, इथेनॉल) आणि पाणी उडवणं. आधी लांबून हलकी, मग जवळून जोरात, थरावरची लहर हलायची थांबेपर्यंत. साधारण १० सेकंद. राहिलेलं पाणी रेझिनला पुरतं घट्ट होऊ देत नाही. कोपऱ्यात साचलेला बाँड नंतर एक्स-रेत काळी रेघ दाखवतो आणि पुढचा डॉक्टर त्याला कीड समजतो. सकाळी सिरिंजची हवा आरशावर मारून बघा: तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका दिसला तर कॉम्प्रेसरचा फिल्टर बदलायला झालाय.

दर चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅटचा लाइट असेल तर बाँडला १० सेकंद पुरतात. लाइटचं टोक जिथून लांब राहतं त्या प्रॉक्सिमल बॉक्सच्या (शेजारच्या दाताकडच्या बाजूच्या कॅव्हिटीच्या) तळाला २० द्या. टोकावर चिकटलेलं जुनं कॉम्पोझिट खरवडून काढा, महिन्यातून एकदा रेडिओमीटर (लाइटची ताकद मोजणारं यंत्र) लावा.

कॉम्पोझिट घट्ट होताना आकारमानानं २ ते ३ टक्के आकसतं. वर्ग एकच्या (चावायच्या पृष्ठावरच्या) कॅव्हिटीत पाच भिंती बांधलेल्या आणि एकच पृष्ठ मोकळं, त्यामुळे सगळा ताण बाँडवर येतो. २ मिलिमीटरचे तिरके थर भरा. एकच थर समोरासमोरच्या दोन भिंतींना जोडू नका. चावताना सणक येणारे रुग्ण बहुतेक इथले किंवा डेंटिन कोरडं केल्याचे: तळाशी फट राहते, तिच्यातला द्रव चावण्याच्या दाबानं नलिकांत ढकलला जातो.

जिथं बाँड लावूच नये

ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबा. दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही. रूट कॅनालनंतर हायपोक्लोराइट लागलेल्या डेंटिनचंही तसंच, तिथं बरनं ताजं डेंटिन उघडं करा. युजेनॉलचं तात्पुरतं सिमेंट असेल तर तेही पूर्ण खरवडून काढा.

हिरडीखाली गेलेली कड कोरडी होतच नसेल तर हट्ट सोडा आणि ग्लास आयोनोमर (बाँडशिवाय दाताला धरणारं सिमेंट) भरा. १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड २० सेकंद, धुणं, टिपणं. डेंटिन किंचित ओलसरच राहू द्या. पावडर-लिक्विडचं प्रमाण कंपनीच्या चमच्यानंच मोजा आणि मिश्रण चकाकतं तोवर भरा. चकाकी गेली की ते दाताला धरत नाही, नवं घोटा. बसल्यावर वर व्हार्निश किंवा व्हॅसलिन लावा आणि पॉलिश पुढच्या भेटीत करा.