बंदूकवाला हात आधी चिकटवू नका

स्पेस मरीन (वॉरहॅमर 40,000 या टेबलवरच्या गेममधला चिलखती सैनिक) किंवा छातीवर आडवी बंदूक धरलेलं कुठलंही मिनिएचर, म्हणजे जोडून रंगवायचं छोटं मॉडेल, असेल ना, तर बंदूक आणि हात रंगवायच्या आधी चिकटवूच नका, कारण एकदा चिकटवलं की छातीवरच्या गरुडापर्यंत ब्रश काही केल्या पोचत नाही. आधी कोरडं लावून फिटिंग बघून घ्या, मग हात वेगळा टूथपिकवर ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी) चिकटवून रंगवा.

पण यात एक गोची आहे. प्लॅस्टिकचा ग्लू फेविक्विकसारखा नुसता चिकटत नाही, तो प्लॅस्टिक थोडं वितळवून दोन तुकडे एकजीव करतो, आणि मध्ये प्रायमरचा (रंगाआधी लावायच्या अस्तराचा) थर असला की त्याला प्लॅस्टिक मिळतच नाही. माझ्या पहिल्या पाच जणांचे हात गेम चालू असताना टपाटप गळाले, समोरचा हसून हसून बेजार. म्हणून प्राइम करायच्या आधी खांद्याच्या जॉइंटवर, दोन्ही बाजूंना, ब्लू टॅकची छोटी गोळी दाबून ठेवा, शेवटी काढली की खाली स्वच्छ प्लॅस्टिक. विसरलात तर कटरने तेवढाच रंग खरवडा. रेझिन किंवा मेटलचं मॉडेल असेल तर हा ग्लू चालतच नाही, तिथे सुपरग्लूच.

आणि हो, मुंबईच्या पावसाळ्यात गॅलरीत स्प्रे प्रायमर मारू नका, दमट हवेत रंग खरखरीत बसतो, साखर भुरभुरल्यासारखा. जून ते सप्टेंबर मी सरळ ब्रशनेच लावतो, दोन पातळ हात.