अनोळखी मेलमधलं ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका

‘वीजबिल थकलंय, आज रात्री लाईट तोडणार’ असा मेल आला की बेळगाव-खानापुरात घरातली वडीलधारी माणसं घाबरतात. लिंक न दाबता हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, ऑफिसात विचारा. अनोळखी मेलमधलं ‘अनसबस्क्राइब’सुद्धा नको, त्यातून हा पत्ता वापरात आहे हे पाठवणाऱ्याला कळतं आणि मेल वाढू शकतात. ‘रिपोर्ट स्पॅम’ करा, तसले मेल पुढे बहुधा आपोआप बाजूला पडतात. ओळखीच्या दुकानाच्या जाहिराती मात्र अनसबस्क्राइबनेच थांबवाव्यात.

स्पॅमचा फोल्डर अधूनमधून चाळाच. जीमेल तिथलं ३० दिवसांनी पुसून टाकतं, आणि मुलाखतीचं किंवा विद्यापीठाचं पत्र तिथे अडकलं तर पोरांचं फार नुकसान होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.