आगरी रश्शासाठी मटणाला लाकडाचा धूर

वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडलं की येणारा वास मुख्यतः तुपाचा असतो, आणि तो वरवर बसतो. लाकडाचा धूर मटणात मुरवायचा तर तो रस्सा चढवण्याआधी द्यावा लागतो. परदेशी पद्धतीने मटण शेवटपर्यंत ग्रिलवरच शिजवायच्या फंदात पडू नका. आपल्या बोकडाला चरबी कमी, सहा-सात तासांत त्याचं चामडं होतं. दीड तास धूर द्यायचा, पुढचं काम रश्शावर सोडायचं.

आधी जागा. फ्लॅटच्या गॅलरीत, खिडक्या उघड्या असल्या तरी, हे करायचं नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नवी मुंबईत घणसोली किंवा दिवाळ्याच्या गावठाणात स्वतःची गच्ची असेल तर उत्तम. टॉवरमध्ये गच्चीसाठी सोसायटीची परवानगी घ्या. ठाणेकरांनी येऊरचा विचार सोडून द्यावा, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

झाकणाची, खाली-वर झडपा असलेली ५७ सें.मी. व्यासाची गोल ग्रिल पुरते. झाकणावरच्या तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, तो वरची हवा मोजतो. जाळीजवळ ठेवायचा एक आणि मटणात खुपसायचा एक, असे दोन थर्मामीटर घ्या. वखारीतून लाकडी कोळसा आणि आंबा, पेरू किंवा चिकूचं पूर्ण वाळलेलं लाकूड आणा. बाभळीचा धूर उग्र, म्हणून तिचा एकच तुकडा. एपीएमसी बाजारातून आणलेल्या आंब्याच्या पेटीच्या फळ्या जाळू नका. त्या कसल्या लाकडाच्या आणि त्यांवर काय मारलंय, काही कळत नाही. प्लायवूड तर नाहीच.

मटण पुढच्या पायाचं, खांद्यासकट, दीड किलो. खाटकाकडून तळहाताएवढे ५–६ तुकडे करून घ्या. नेहमीचे रश्शाचे तुकडे धुरावर सुकून जातात. मीठ वजनाच्या दीड टक्का, म्हणजे २२ ग्रॅम, काट्यावर मोजून. आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वाटण पूर्ण पुसून काढा, नाहीतर लसूण करपून कडवट होतो. मग तुकडे उघडेच, जाळीवर, दोन-तीन तास फ्रिजमध्ये वाळू द्या. हात लावला की किंचित चिकट लागले पाहिजेत. ओलं मटण चढवलं तर काजळीचे चट्टे पडतात, रंग धरत नाही. शेवटी चमचाभर तेलात हळद आणि एक चमचा आगरी मसाला कालवून पातळ हात फिरवा.

किलोभर कोळसा ग्रिलच्या एका बाजूला रचा आणि त्यावर १०–१२ पेटलेले निखारे ठेवा. दुसऱ्या बाजूला, मटणाच्या खाली येईल अशी, लिटरभर गरम पाण्याची थाळी. झाकणाची झडप मटणाच्या डोक्यावर, पूर्ण उघडी. तापमान १०० अंश सेल्सिअसला आलं की खालची झडप हळूहळू बंद करत न्या आणि जाळीजवळ ११०–१२० अंश धरून ठेवा. पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लावणाऱ्यांचा हात इथे हमखास चुकतो. पोपटीत मडक्याला बाहेरून जाळ हवा असतो, इथे ज्वाळ दिसली की काम बिघडलं.

मुठीएवढे लाकडाचे दोन तुकडे पुरे. ते पाण्यात भिजवू नका; आधी नुसती वाफ निघते आणि कोळसा थंडावतो. सुरुवातीचा दाट पांढरा धूर निघून जाऊ द्या, विरळ निळसर झाला की मगच मटण ठेवा. पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळणारं लाकूड. तोच कडू चव देतो, खाल्ल्यावर जीभ बधिर होते. असं झालं की लोक वरची झडप बंद करतात आणि धूर आत आणखी कोंडतो. खालची झडप थोडी उघडून हवा द्या. पावसाळ्यात दमट कोळसा हेच करतो, म्हणून तो झाकणाच्या पिंपात ठेवा.

झाकण सारखं उघडू नका. साधारण दीड तासाने हाडापासून दूर खुपसलेला थर्मामीटर ६५–७० अंश दाखवेल. मटण उतरवून लगेच रश्शात घाला. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टी दिसली तर ती कच्चेपणाची नव्हे, धुरातल्या वायूंनी धरलेला रंग आहे.

रस्सा घरचाच: भाजलेलं कांदा-खोबरं, आगरी मसाला, लसणाची फोडणी. फक्त लवंग आणि दगडफूल निम्म्यावर आणा. लवंगेचा वास ज्या युजेनॉल नावाच्या द्रव्याचा, ते लाकडाच्या धुरातही असतं, त्यामुळे नेहमीच्या मापाने रस्सा औषधी लागतो. मीठ शेवटी चाखून. थाळीतलं पाणी रश्शात ओतू नका, त्यात राख असते. मंद आचेवर तासभर, सुरी सहज शिरेपर्यंत शिजवा. कुकर नको, तुकडे फुटतात.

चिकन करायचं तर हाडासकट तंगड्या घ्या. आपल्याकडे कातडी काढलेलीच मिळते, म्हणून तेलाचा हात जरा सढळ. आत ७५ अंश झाले की उतरवा.

हे मटण सुकटीसारखं टिकाऊ होत नाही. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवा. हाडं टाकू नका, वालाच्या बिरड्यात घाला.

शेवटी दोन्ही झडपा बंद करून कोळसा विझवा. राख दुसऱ्या दिवशीही हात लावून पाहिल्याशिवाय कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.